परीक्षा पुढच्या वैशाखात

कोपरा फाडलेलं कार्ड आलं तेव्हा मी कारंज्याच्या कापूसबाजारामागे एका तुंबलेल्या गटारापाशी उभा होतो. पोस्टमन ओळखीचा. एरवी लांबूनच हाक मारणारा तो माणूस त्या दिवशी जवळ आला, न बोलता कार्ड हातावर ठेवून गेला, तेव्हाच काय ते कळलं. वाशीमचे डॉक्टर नीळकंठराव मुळावकर मंगळवारी सकाळी गेले, शेवटी फार त्रास झाला नाही, एवढंच त्यांच्या पुतण्यानं लिहिलं होतं. मी कार्ड खिशात घातलं, गटार उपसणाऱ्या माणसांना सांगायचं ते सांगितलं आणि घरी आलो. रडू आलं नाही, याचं माझं मलाच नवल वाटलं. सारखं वाटत राहिलं, की डॉक्टर नेहमीसारखे पुढे निघून गेले आहेत आणि आपल्याला त्यांना मागून गाठायचं आहे. जन्मभर ते आमच्या पुढेच चालले. काखेत छत्री, धोतर वर खोचलेलं, आणि मागे आम्ही पोरं धापा टाकत. त्या दुपारी ओसरीवर बसल्या बसल्या काळ्या रानातून जाणारी ती गाडीवाट डोळ्यांपुढे आली. दोन्ही बाजूंना मोकळी झालेली वावरं, लांब कुठेतरी पळसाचा तांबडा ठिपका... आणि वाटेवर कोणीच नव्हतं. घरातून दोनदा चहाचं विचारलं म्हणे, मला ऐकूच आलं नाही.

त्याला आता सहा आठवडे झाले. डॉक्टरांचं नाव वाशीम-रिसोडकडच्या जुन्या मंडळींना ठाऊक असेल, बाकीच्यांना नसेल. त्यांनी ना पुस्तक लिहिलं, ना कुठल्या सभेचं अध्यक्षपद भूषवलं. सरकारी दवाखान्यातली नोकरी मधेच सोडून त्यांनी वाशीमला आरोग्याचं काम शिकवणारा एक वर्ग काढला होता. लस टोचणारे, विहिरीत दवा टाकणारे, गावोगाव साफसफाई पाहत फिरणारे लोक त्यातून तयार व्हायचे. वर्ग म्हणजे सरकी काढायच्या, बंद पडलेल्या एका जिनाच्या आवारातली पत्र्याची खोली, एक फळा आणि आम्ही सहा जण. मी विशीतला, अकोल्याच्या शाळेतून मॅट्रिक झालेला, डोक्याला भरपूर तेल लावणारा आणि स्वतःला फार हुशार समजणारा. कारंज्याला आरोग्याच्या कामावर माणूस हवा होता, जागा मला कबूल झालेली होती, फक्त डॉक्टरांच्या सहीचं प्रमाणपत्र तेवढं आणायचं होतं. वर्ष ढकलायचं, सही घ्यायची, नोकरीवर जायचं, असा माझा साधा हिशेब. घरी आई आतापासूनच मुली बघायला लागली होती.

पहिल्या दिवशी आम्ही नव्या वह्या घेऊन गेलो, तर डॉक्टरांनी वह्या कपाटात ठेवायला लावल्या आणि आम्हाला नेऊन शहराकडेच्या एका विहिरीवर बसवलं. उन्हं डोक्यावर येईपर्यंत बसवलं. मग विचारलं, "काय पाहिलंत?" मी घडाघडा सांगितलं. काठाचा दगड फुटलेला आहे, भोवती चिखल आहे, शेवाळ आहे, शेजारीच कपडे धुतात. डॉक्टर मान डोलवत होते. "छान. आणि ती हिरव्या लुगड्यातली बाई तीनदा आली, तिसऱ्यांदा रिकामी घागर घेऊन परत गेली. ती का?" मला हिरवं लुगडंच आठवेना. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "उद्या पुन्हा बसू." आम्ही असे चार दिवस बसलो. चौथ्या दिवशी मला घरी जाऊन सांगावंसं वाटलं, की हा माणूस आम्हाला फसवतो आहे, आणि फी परत मागावी. आता त्या चार सकाळी आठवल्या की वाटतं, इतकं निवांत, इतकं डोळे भरून मी पुन्हा काही पाहिलंच नाही. दोराचा ओला वास, रहाटाची कुरकुर, खाली पाण्यात हलणारा आभाळाचा तुकडा आणि शेजारी छत्रीच्या मुठीवर हनुवटी टेकून बसलेले डॉक्टर.

पुढे आम्हाला गावात नेलं. जऊळका स्टेशनावर उतरून तीन कोस आत. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नारूचं गाव म्हणून ते आधीच पुष्कळ बदनाम झालेलं आहे. डॉक्टरांची रीत अशी, की प्रत्येक विद्यार्थ्याला एक घर नेमून द्यायचं. त्या घरी जेवायचं, त्या घरचं पाणी भरायचं, शेण काढायचं, आणि पहिले आठ दिवस वही उघडायची नाही. आजाराविषयी अक्षर विचारायचं नाही. माझ्या वाट्याला कासामावशीचं घर आलं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक सासरी, पाच एकर वावर एकटीच्या बळावर कसणारी बाई. पहिल्या सकाळी घागर डोक्यावर घेऊन मी निघालो आणि पाटलाच्या दारासमोर सगळं पाणी माझ्या धुतलेल्या सदऱ्यावर आलं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. कासामावशी मात्र पदर न लावता हसली. "काहून रे बापा, अकोल्याच्या शाळेत घागर नाई शिकोत काय?" मी चिडलो. डॉक्टर पलीकडून येत होते, त्यांनी पाहिलं आणि स्वतःच्या डोक्यावरची घागर तशीच तोलत पुढे गेले. पन्नाशीचा माणूस, डोक्यावर चुंबळ, वर पाण्यानं भरलेली घागर आणि काखेत छत्री! गावातल्या पुरुषांना आधी त्यांची लाज वाटायची, पुढे सवय झाली.

नारू म्हणजे काय हे आता सांगावं लागतं, ही चांगलीच गोष्ट आहे. पाण्यातून पोटात जाणारा एक किडा. तो वर्षभर अंगात निजून राहतो आणि मग पायाला फोड येऊन त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा डोकं बाहेर काढतो. तो हातभर लांब, कधी त्याहून जास्त. ओढायला गेलं की तुटतो, आणि तुटला की पाय सुजतो, गुडघा कायमचा आखडतो. फोडाची आग होते म्हणून माणसं पाय पाण्यात बुडवतात आणि तो किडा त्याच पाण्यात आपली पिल्लं सोडतो. गावात देवीच्या देवळापाशी जुनी बारव होती, पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालून घागर भरायची. म्हणजे साऱ्या गावाचे पाय आणि साऱ्या गावाचं पिण्याचं पाणी एकाच जागी. गावाबाहेर रहाटाची एक चांगली विहीर होती, पण ती लांब आणि पाणी ओढायला जड. दोन वर्षं खेपा घालून, हात जोडून, बायकांच्या पंगतीला बसून डॉक्टरांनी गावाला बारवीपासून विहिरीकडे वळवलं होतं. पायऱ्या बुजवू मात्र कोणी देईना. देवीचं पाणी ते. गुराखी आणि वाटसरू तेवढे तिथे उतरत.

विहिरीत दवा टाकायची त्यांची एक पद्धत होती, आणि ती ते आम्हाला पाठ करायला लावत नसत, करायला लावत. आधी तीन सकाळी विहिरीवर बसायचं. कोण पहिली येते, कोणाचं कोण ऐकतं, ते बघायचं. मग त्या बायकांपुढे दवा घागरीत कालवायची, तो लाल रंग दाखवायचा, त्यातलं चमचाभर स्वतः प्यायचं. आणि ती घागर गावातल्याच एखाद्या बाईच्या हातानं विहिरीत ओतायची, आपल्या हातानं नाही. "विहीर त्यांची आहे," ते म्हणत, "आपण पाहुणे." मला हे सगळं वेळ घालवणं वाटायचं. दवेला बाईचा हात लागला काय, पुरुषाचा लागला काय, जंतू तेच मरणार!

त्या वैशाखात शेजारच्या गावी पटकी, म्हणजे कॉलरा, लागल्याची बातमी आली. डॉक्टर रिसोडला गेलेले, दोन दिवसांनी येणार होते. बाकीचे पाच जण दुसऱ्या गावांत. मी एकटा. खरं सांगायचं तर मी घाबरलो नव्हतो, मला आनंद झाला होता. डॉक्टर येण्याआधी आपण गाव वाचवून ठेवायचं! फटफटायला मी विहिरीवर गेलो, भोवती कोणी नाही असं पाहिलं आणि दवा ओतली. जादा असलेली बरी म्हणून मापाच्या तिप्पट ओतली. उन्हं वर आली तेव्हा पहिल्या पोहऱ्यातून आलेलं पाणी डाळिंबाच्या रसासारखं होतं. मी तिथे असतो तर कदाचित काही सांगितलंही असतं. पण मी चांगलं काम केल्याच्या समाधानात कासामावशीच्या ओसरीवर झोपलो होतो. बायकांनी पोहरे रिकामे केले, एकमेकींकडे बघितलं आणि घागरी घेऊन बारवीकडे वळल्या. देवी कोपली, तिला सोडून दुसरं पाणी धरलं म्हणून तिनं विहिरीत रक्त उतरवलं, असं गावात झालं. पावसाळा लागेपर्यंत सगळं गाव बारवीचं पाणी प्यालं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. डॉक्टर रिसोडहून परस्पर वाशीमला जाणार असा निरोप आल्यानं मी दुसऱ्याच दिवशी परत निघालो होतो, आणि निघताना कासामावशीनं मला दिलेलं पाणी कुठलं, हेही मी विचारलं नाही. सुदैवानं तेवढ्या पाण्यातून मला काही झालं नाही.

पटकी आली नाही. पाऊस लागल्यावर मी झोकदार अक्षरात अहवाल लिहिला. डॉक्टरांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला आणि विचारलं, "दवा कोणी ओतली?" मी म्हणालो, "मी." "बरं. त्यानंतर बायका पाणी कुठून नेत होत्या?" मी म्हणालो, "पाहिलं नाही." त्यांनी चष्मा काढला आणि खिडकीबाहेर पाहिलं. आवारात जुना कापूस पावसात भिजत होता. मग त्यांनी अहवालाची घडी घातली, बाकीच्या पाच जणांच्या कागदांवर सह्या केल्या आणि मला म्हणाले, "दत्तात्रय, तुमची परीक्षा पुढच्या वैशाखात. त्याच गावात." का, ते सांगितलं नाही. मी घरी येऊन डॉक्टरांना वाटेल तसं बोललो. आईनं मुली बघणं थांबवलं. कारंज्याच्या लोकांनी जागा वर्षभर थांबवू म्हणून कळवलं, त्याहून जास्त नाही. ते वर्ष मी एका दुकानात पडेल ते काम करून काढलं आणि रोज डॉक्टरांवर चिडलो.

पुढच्या वैशाखात जऊळक्याला उतरलो तर स्टेशनावर डॉक्टर आधीच येऊन बसलेले. गावात शिरल्यावर त्यांनी मला पहिल्या दाराशी उभं केलं आणि म्हणाले, "घराघरातून जा. पाय बघा. आणि एकच प्रश्न विचारा, गेल्या वैशाखात पाणी कुठलं पीत होता." उत्तरपत्रिका म्हणजे काय ते मला त्या सकाळी कळलं. पहिल्या घरात म्हातारीच्या घोट्याला फोड. दुसऱ्या घरात दोघा भावांना. पुढे सुताराच्या घरी, पाटलाच्या घरी, एका बाळंतिणीच्या पोटरीवर... आणि प्रत्येक ठिकाणी तेच उत्तर. "बारवीचं." मी विचारायचो, "का?" "हिरीचं लाल झालतं ना बाप्पा." कोणी माझ्यावर बोट दाखवत नव्हतं, कोणी रागावत नव्हतं, पाण्याला काय झालं होतं एवढं शांतपणे सांगत होते. गावकुसाबाहेरच्या वस्तीत मात्र एकाच्याही पायाला नारू नव्हता. ती माणसं नाल्यातले झिरे उकरून त्यांतलं पाणी प्यायची. मी एका म्हाताऱ्याला विचारलं, तुम्ही कसे वाचलात? तो मोठ्यानं हसला. "आमाले बारवीत उतरू देत नाई ना मालक, म्हनून वाचलो!" डॉक्टर मागे उभे होते. ते हसले नाहीत. त्यांनी त्या म्हाताऱ्याला हात जोडले.

शेवटचं घर कासामावशीचं. ती उंबऱ्यावर पाय लांब करून बसली होती. उजव्या पायाला दोन ठिकाणी फोड. मला बघून तिचं तोंड फुललं. "आला काय रे? वाळला तू!" मी खाली बसलो आणि प्रश्न विचारलाच नाही. तिनंच सांगितलं. "देवी कोपली व्हती लेका, पाणी लाल केलतं तिनं." मला त्या क्षणी काय वाटलं ते इतक्या वर्षांनी स्पष्ट लिहितो. लाज वाटलीच, पण त्याच्या आधी सुटका वाटली. देवीनं केलं म्हणतात. म्हणजे मी केलं हे कोणालाच माहीत नाही.

संध्याकाळी बारवीच्या काठावर डॉक्टर म्हणाले, "परीक्षेत तुम्ही नापास आहात, हे तुम्हाला कळलं असेल. आता काडीवर नारू गुंडाळायला शिका. गावातले सगळे निघेपर्यंत तुम्ही इथेच." मी विचारलं, "आणि सही?" त्यांनी छत्रीच्या टोकानं पायरीवरचं वाळलेलं पान खाली ढकललं. "देवीवर आळ आला आहे, दत्तात्रय. तो ठेवायचा का काढायचा, ते तुमचं तुम्ही ठरवा. सहीचं मग पाहू." आणि ते दुसऱ्या सकाळच्या गाडीनं वाशीमला निघून गेले.

मग ते दिवस. मला ते अजून स्वप्नासारखे वाटतात. सकाळी फोडावर गार पाण्याची धार धरायची, दोऱ्याचं टोक बाहेर आलं की तुरीच्या बारीक काडीला अडकवायचं आणि अगदी हळू, दोन बोटं लांबी येईल तेवढंच गुंडाळायचं. जरा ताण आला की थांबायचं. काडी पायालाच फडक्यानं बांधून ठेवायची, उद्या पुन्हा. घाईला तिथे जागाच नव्हती. दुपारी गाव निजायचं, निंबाच्या सावलीत बैल डोळे मिटून रवंथ करायचे, आणि मी एका पायापुढून दुसऱ्या पायापुढे सरकत असायचो. कोणाची टाच, कोणाचा घोटा, नांगराच्या तासासारख्या भेगा पडलेले तळवे. माणसांच्या चेहऱ्यांआधी मला त्यांचे पाय ओळखू यायला लागले. धार धरता धरता लोक बोलायचे. वावराचं, लेकीच्या सासरचं, हरवलेल्या वासराचं. मी ऐकत राहायचो. मधेच मला वाटायचं, आपण असेच इथे म्हातारे होणार, आणि त्यात वाईट काही वाटत नसे.

पण भाकरीच्या वेळी घास उतरत नसे. कासामावशी लंगडत चुलीपाशी जायची, ज्वारीची भाकर, वर मिरचीचा ठेचा, कधी अंबाडीची भाजी वाढायची, आणि मी तिच्या पायाला बांधलेल्या त्या दोन काड्यांकडे बघत बसायचो. रोज ठरवायचो, आज सांगू. रोज वाटायचं, सांगितलं तर ही मला दारातून काढेल, गाव दगड मारेल, पुन्हा कोणी दवावाल्याला गावात शिरू देणार नाही, डॉक्टरांची सगळी मेहनत वाया जाईल. स्वतःच्या भित्रेपणाला मी असं मोठं कारण शोधून काढलं होतं. "जेव ना बापा," ती म्हणायची, "कायचा घोर लागला तुले?" मी म्हणायचो, "काही नाही मावशी, ऊन लागलं."

अठराव्या दिवशी, मंगळवारी, सकाळीच ती ओटीचं ताट घेऊन निघाली. खण, नारळ, मूठभर तांदूळ. मागे आणखी आठ-दहा बायका आणि पाटील. पाय ओढत ती ओसरीपाशी थांबली. "चाल, तू बी चाल. देवीले माफी मांगून येऊ. काई तं चुकलंच असंन आमचं." मी त्यांच्या मागून गेलो. देवळापुढे सगळे उभे राहिले. तिनं दुखरा पाय कसाबसा मुडपला आणि ती खाली वाकायला लागली, त्या दगडापुढे, माझ्या चुकीसाठी... मला ते बघवेना. मी तिचा हात धरला. "मावशी, पाणी देवीनं लाल नाही केलं. मी केलं. पहाटे येऊन, कोणाला न विचारता, मापाच्या तिप्पट दवा ओतली. त्यात विष नव्हतं, रक्तही नव्हतं. तुम्ही बारवीत उतरलात ते माझ्यामुळे. हे सगळे पाय माझ्यामुळे..." मी रडत होतो.

देवळाच्या शिखरावर पारवे घुमत होते. पाटील म्हणाले, "बरं झालं सांगतलं." कासामावशीनं ताट खाली ठेवलं, माझ्याकडे बघितलं. "आता नारळ आणला हाय तं फोडूनच जाऊ. अन् पुढच्या खेपी दवा टाकाची असंन तं मले उठवजो. मी टाकतो." एवढंच. त्याच आठवड्यात गावानं आपण होऊन बारवीच्या पायऱ्या दगडांनी बुजवल्या आणि वरून पाणी ओढायला रहाट बसवला. जे डॉक्टरांना दोन वर्षांत जमलं नाही ते झालं. शेवटचा नारू कासामावशीचाच निघाला, न तुटता. मी वाशीमला गेलो. डॉक्टरांनी काही विचारलं नाही. सही केली, शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घातली आणि म्हणाले, "निघा, गाडी चुकेल." मी शाबासकीची वाट बघत उंबऱ्यात क्षणभर रेंगाळलो. ते दुसरे कागद बघायला लागले होते.

त्यानंतर चौदा-पंधरा वर्षं मी कारंज्याला आहे. दरसाल चार-दोन पोरं माझ्या हाताखाली शिकायला येतात, आणि दरसाल मी त्यांना ही हकीकत सांगतो. खरं बोलायला किती धीर लागतो, आणि एका माणसाच्या खरं बोलण्यानं गाव कसं बदलतं. डॉक्टर मधूनमधून भेटायचे, खाली आलेल्या चष्म्यावरून बघत पोरांची चौकशी करायचे. एकदा त्यांच्यासमोरच मी ही हकीकत रंगवून सांगितली. ते मन लावून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "कासाबाईचा पाय बरा आहे ना आता?" मला वाटलं, म्हातारपणामुळे त्यांचं लक्ष उडालं असावं.

दोन रविवारांपूर्वी मी जऊळक्याला उतरलो आणि चालत गावात गेलो. डॉक्टर गेल्याचं कासामावशीला कोणीतरी सांगायला हवं होतं. ती आता पार वाकली आहे. त्याच ओसरीवर सुपात तूर निवडत बसली होती. मी सांगितलं, "डॉक्टर गेले, मावशी." तिनं सूप बाजूला सारलं, पदर डोक्यावरून घेतला आणि ओसरीच्या खांबाकडे बोट केलं. मग म्हणाली, "तिथीच बसले व्हते थे. त्या खांबाले टेकून."

"कधी?"

"त्याच साली. तू परीक्षेले आला ना, त्याच्या आंधी चार रोज. एकलेच आल्ते. नारू निघून राह्यले म्हनून कोनीतरी सांगावा धाडला व्हता. साऱ्या गावाले इथी जमोलं. म्हने, पाणी देवीनं नाई लाल केलं, माया पोरानं केलं. अन् त्याले शिकोलं मी, म्हनून चूक माई हाय. हात जोडले रे त्यायनं आमाले. एवढा मोठा मानूस..." तिनं पदरानं डोळे पुसले. "पाटील लय भडकले व्हते. म्हने, थो पोरगा कुठी हाय? तं डॉक्टर म्हने, थो येईन. थो सोताच सांगन. तोवर त्याले कोनी काई बोलू नका. भाकर वाढजा."

"म्हणजे मी आलो तेव्हा... सगळ्या गावाला माहीत होतं?"

"हाव."

"देवी कोपली म्हणून सांगत होतीस ते?"

"बोलाचं नाई असा शब्द देल्ता ना बापा. मंग काय सांगू तुले?"

"आणि ती ओटी?"

ती जरा हसली. "देवीची ओटी तं आमी डॉक्टर आल्ते त्याच दिशी भरली. थे दुसरी तुयासाठी व्हती. अठरा दिस झाले, तू वाळून चालला व्हता. मले राहवलं नाई. डॉक्टर हायेत तवर तुले सांगाचं नाई, असं वचनही घेतलं व्हतं त्यायनं आमच्याकून. आता हायेत कुठी थे..."

मी खांबाकडे बघत होतो. इतकी वर्षं पोरांना सांगत आलेली माझी हकीकत, तो धीर, ते खरं बोलणं... आणि माझ्या आधी चार दिवस, इथे, या खांबाला टेकून, ते माझ्या नावाचं सगळं स्वतःवर घेऊन गेले होते. कारंज्याला कार्ड वाचताना न आलेलं रडू मला तिथे आलं. मावशीनं रडू दिलं. बऱ्याच वेळानं मी विचारलं, "मावशी, आणि मी सांगितलंच नसतं तर?"

"तं काय," ती म्हणाली, "वाढत राह्यलो असतो. कवापर्यंत वाढा, थे डॉक्टरनं सांगतलं नव्हतं."

आणि गुडघ्यावर हात टेकून ती भाकर टाकायला उठली.